पगारपत्रकातले दोनशे रुपये

माझ्या भाच्याला गेल्या वर्षी सरकारी नोकरी लागली. ज्युनिअर क्लार्क, वर्ग तीन, पहिली पाच वर्षं ‘फिक्स’, म्हणजे ठरावीक पगारावर. ताईनं पेढे वाटले. महिना संपल्यावर भाचा पहिली पगाराची स्लिप मोबाइलवर दाखवायला बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या आमच्या घरी आला. आकडा गोल होता, २६,०००. खाली कपातींमध्ये एक ओळ होती.

“मामा, हे पी.टी. दोनशे कसले?”

“व्यवसाय कर.”

“पण मी व्यवसाय कुठे करतो? नोकरी करतो ना.”

मी आयुष्यभर एका कारखान्याच्या हिशेब खात्यात बसून ही कपात दुसऱ्यांच्या पगारातून करत आलो, पण हा प्रश्न मला कधी पडला नव्हता. मग त्यानंच पुण्याच्या आतेभावाला फोन लावला. तिकडे अकरा महिने दोनशे आणि फेब्रुवारीत तीनशे. म्हणजे पुण्यात वर्षाचे २,५०० आणि बडोद्यात २,४००. पगार दोघांचे वेगळे, राज्यं वेगळी, तरी आकडे जवळजवळ सारखे. आणि लाखभर पगाराच्या साहेबालाही हेच दोनशे! असं का?

उत्तर थेट राज्यघटनेत आहे. कलम २७६ सांगतं की व्यवसाय, धंदा, नोकरी यांवर राज्यं आणि स्थानिक संस्था कर बसवू शकतात, पण माणशी वर्षाला २,५०० रुपयांच्या वर नाही. आधी ही मर्यादा २५० होती, १९८८ साली साठाव्या घटनादुरुस्तीनं ती दहापट केली. त्या काळी अडीच हजार म्हणजे कारकुनाच्या महिन्याच्या पगाराहून जास्त रक्कम. आज तेवढ्यात चौघांचं एक साधं हॉटेलचं जेवण होतं. आकडा तिथेच थांबला आहे.

तो का थांबला, याचा विचार केला तर राजकीय संस्था करांना आकार कसा देतात ते नीट दिसतं. मर्यादा वाढवायची तर संसदेत घटनादुरुस्ती करावी लागेल, दोन्ही सभागृहांत दोन तृतीयांश मतं लागतील. आणि वाढवून पैसा कोणाला मिळणार? राज्यांना, नाहीतर नगरपालिकांना. म्हणजे नोकरदारांच्या शिव्या खासदारांनी खायच्या आणि मलई दुसऱ्यानं. असा सौदा कोण करेल? यात कोणी वाईट नाही, कोणी आळशी नाही. ज्याला निर्णय घ्यायचाय त्याला त्यातून काही मिळत नाही, एवढंच.

आणखी एक गंमत. गुजरातेत २००८ पासून हा कर महापालिका आणि नगरपालिका गोळा करतात आणि त्यांच्याकडेच राहतो. महाराष्ट्रात तो राज्य सरकारच्या तिजोरीत जातो. म्हणजे भाच्याचे दोनशे खंडेराव मार्केटच्या इमारतीत, आमच्या महापालिकेत जमा होतात आणि आतेभावाचे मुंबईला मंत्रालयाच्या हिशेबात. घटना एकच, मर्यादा एकच, पण विधानसभा दोन. म्हणून पैशाचा रस्ता वेगळा.

राज्यशास्त्रवाले या सगळ्याला भारदस्त नावं देतात. मी भाच्याला सोपा प्रश्न दिला: कुठलाही कर, योजना किंवा भरती दिसली की विचारायचं, यासाठी कोणाकोणाला विचारावं लागलं? त्यातल्या कोणाला ‘नाही’ म्हणता आलं असतं? आणि बिघडलं तर कोणाची खुर्ची जाते? या तीन प्रश्नांनी निम्मं सरकार कळतं. उरलेलं निम्मं अनुभवानं.

आता आमच्या घराचं वेरा बिल घ्या. बडोदेकरी मराठीत आपण घरपट्टी म्हणतच नाही, ‘वेरा भरला का?’ असंच विचारतो. बिलावर सामान्य कर, पाणी, सफाई अशा ओळी असतात आणि त्यातच शिक्षण उपकर. हा उपकर राज्य सरकारचा आहे, महापालिका फक्त वसूल करून पुढे धाडते. शिव्या मात्र खंडेराव मार्केटलाच.

बिलाचा दर कसा ठरतो? दर वर्षी हिवाळ्यात महापालिका आयुक्त अंदाजपत्रक मांडतात. आयुक्त हे आयएएस अधिकारी, त्यांना नेमतं राज्य सरकार. निवडणूक त्यांना लढवायची नसते, पण हिशेब जुळवायचा असतो, म्हणून ते वाढ सुचवू शकतात. मग कागद जातो स्थायी समितीकडे, बारा नगरसेवकांकडे. त्यांना आपापल्या वॉर्डात तोंड दाखवायचं असतं. वाढ कापली जाते, दुसऱ्या दिवशी पेपरात ‘बडोदेकरांना दिलासा’. मग सामान्य सभा. तिथे ७६ नगरसेवक, १९ वॉर्डांतून चार-चार. हे नाटक मी इतकी वर्षं बघतोय की आयुक्तांच्या आकड्यावर मी विश्वासच ठेवत नाही. माझा अंदाज असा की कापण्यासाठीच थोडं जास्त लिहिलेलं असतं. भाजीवाली पण तसंच करते.

आणि महापौर? अनेकांना वाटतं की महापौर म्हणजे शहराचा मुख्यमंत्री. आमच्या कायद्यात, जो मुळात १९४९ चा मुंबई प्रांताचा कायदा आहे, कारभाराचे अधिकार आयुक्ताकडे आहेत. महापौर नगरसेवकांतून निवडतात, अडीच वर्षांसाठी. शहराचा चेहरा एक माणूस आणि शहराची सही दुसऱ्याची.

पूर्वी महापालिकेचा मोठा आधार होता जकात. शहराच्या वेशीवर नाकी, नाक्यावर ट्रकांच्या रांगा, पावत्या, भांडणं आणि भ्रष्टाचाराच्या गोष्टी. आमच्या कारखान्यात कच्चा माल आला की जकातीची पावती माझ्याच टेबलावर यायची, पातळ कागद, कार्बनचा निळा डाग. नोव्हेंबर २००७ मध्ये गुजरात सरकारनं जकात रद्द केली. व्यापारी खूश, ट्रकवाले खूश, आणि खरं सांगायचं तर मीही. पण जकात म्हणजे शहराचं स्वतःचं उत्पन्न होतं. शहरात माल जास्त आला की महापालिकेचा गल्ला आपोआप वाढायचा. त्या जागी राज्याकडून अनुदान आलं. स्वतःच्या पगारातून घर चालवणं आणि थोरल्या भावाकडून दरमहा पैसे येणं यात काय फरक असतो, हे एकत्र कुटुंबात राहिलेल्यांना सांगायला नको. पैसे वेळेवर आले तरी थोरल्याच्या मर्जीचा विचार आधी होतो. राज्याची शहरांसाठीची मोठी योजना बघा: स्वर्णिम जयंती मुख्यमंत्री शहेरी विकास योजना. नावातच देणारा बसलाय.

दिल्लीचा हातही वेरा बिलापर्यंत पोहोचतो. पंधराव्या वित्त आयोगानं शहरांसाठीच्या अनुदानाला एक अट घातली की राज्यांनी मालमत्ता कराचा किमान दर जाहीर केला पाहिजे. वित्त आयोग निवडून आलेला नसतो, त्याच्याकडे आमच्या वॉर्डात मतं मागायला कोणी येत नाही, म्हणूनच तो असं सांगू शकतो. २०२२ साली बडोदा महापालिकेनं १०० कोटींचे रोखे काढले, तेव्हा आणखी एक मालक आला: रोखे घेणारा. त्याला हिशेब वेळेवर तपासलेले लागतात, वसुली दिसावी लागते, शहराचं पतमानांकन लागतं. मार्च आला की थकबाकीदारांच्या दुकानांना सील लागतात, त्यामागे अशा मालकांचाही धाक असतोच.

भाचा म्हणाला, “मामा, हे सगळं ठीक. पण जीएसटी कोण ठरवतं? मोदी ना?”

निम्म्या देशातून उत्तर हेच येतं, म्हणून यावर थोडं थांबतो. जीएसटीचे दर ठरवते जीएसटी परिषद, घटनेच्या कलम २७९अ प्रमाणे. त्यात केंद्राचे अर्थमंत्री आणि राज्यांचे मंत्री. मताचं वजन असं: केंद्राचं एक तृतीयांश, सगळ्या राज्यांचं मिळून दोन तृतीयांश. ठराव व्हायला तीन चतुर्थांश लागतात. आता कागदावर गणित करू. सगळी राज्यं एका बाजूला झाली तरी त्यांचं वजन सदुसष्टच्या आत, पंचाहत्तर होत नाही. म्हणजे केंद्र एकटं अडवू शकतं. पण केंद्र एकटं काही मंजूर करू शकत नाही. विधानसभा असलेले तीन केंद्रशासित प्रदेश धरून ३१ सदस्य, प्रत्येकाचं वजन साधारण २.१५. उत्तर प्रदेश आणि सिक्कीम, दोघांचं सारखंच! अशी बारा जणांची मोट बांधली की पंचवीसच्या वर जातात, आणि मग केंद्रसुद्धा अडतं. जिथे दोन्हीकडून ‘नाही’ म्हणता येतं तिथे मत टाकायची वेळच येऊ देत नाहीत, आधीच जुळवून घेतात. पहिलं मतदान झालं ते डिसेंबर २०१९ मध्ये, तेही लॉटरीवरच्या दरासाठी.

याचा परिणाम आमच्या लीलो चिवड्यावर बघा. बडोद्याचा हा ओला चिवडा, बटाट्याचा, किंचित गोड, बाहेरगावचे पाहुणे पहिल्यांदा तोंड वाकडं करतात आणि जाताना दोन किलो नेतात. सप्टेंबर २०२५ पर्यंत सुटा घेतला तर ५ टक्के कर होता आणि तोच चिवडा लेबल लावलेल्या बंद पाकिटात घेतला तर १२. कढई एक, तेल एक, कर दोन. दुकानदार सांगून सांगून थकले. पण दर बदलायचा तर सगळ्यांना एकदम तयार करावं लागतं, म्हणून बदल सुटे सुटे न येता साचून येतात, धरणाचे दरवाजे उघडल्यासारखे. २२ सप्टेंबर २०२५ ला एका झटक्यात शेकडो वस्तूंचे दर बदलले, नमकीन सरसकट ५ टक्क्यांवर आलं.

पेट्रोल-डिझेल आजही जीएसटीत नाही, कारण ती राज्यांची शेवटची स्वतःची दुभती गाय. दारूही बाहेर. गुजरातेत तर तीही गाय नाही. राज्य झालं तेव्हापासून, १९६० पासून, दारूबंदी आहे. शेजारच्या महाराष्ट्राला दारूवरच्या उत्पादन शुल्कातून घसघशीत उत्पन्न मिळतं, गुजरातला ते सोडून बाकीच्यांवर भागवावं लागतं. (दमणला शनिवारी जाणाऱ्या गाड्यांची संख्या हा वेगळा विषय आहे.) ही बंदी उठवायची ताकद विधानसभेकडे आहे, एका कायद्याचं काम. पण सभागृहात ती सूचना मांडायला कोण उठेल? कागदावरचा अधिकार आणि वापरता येणारा अधिकार यांत केवढं अंतर असतं ते इथे दिसतं.

बडोद्यातल्या मराठी घरात हा विषय निघाला की कोणीतरी म्हणणारच, “सयाजीरावांच्या काळात असं नव्हतं.” माझे आजोबा तालुक्याच्या वहिवटदार कचेरीत कारकून होते, त्यामुळे हे वाक्य मी दुधाबरोबर प्यायलोय. पण गायकवाडीचा इतिहास नीट वाचला तर तो राजांपेक्षा जास्त पद्धतींचा इतिहास वाटतो.

एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला महालच्या महाल, म्हणजे तालुकेच्या तालुके, इजाऱ्यानं दिले जात. इजारदार सरकारला ठरलेली रक्कम द्यायचा आणि रयतेकडून जमेल तेवढं काढायचा. पुढच्या वर्षी इजारा आपल्याकडे राहील याची खात्री नाही, मग विहीर बांधायला कोण पैसे घालेल? यंदाच पिळून घ्या. सरकारला रोकड लागली की सावकार, आणि सावकाराला हमी अरब जमादारांची, म्हणजे भाडोत्री सैन्याच्या सरदारांची. १८०२ मध्ये पगार थकला म्हणून अरब शिबंदीनं शहरच ताब्यात ठेवलं आणि त्यांना काढायला इंग्रज फौज आली. महसूल वसूल करण्याची पद्धत चुकली तर राज्य कोणाच्या हातात जातं याचा धडा बडोद्यानं असा शिकला.

पुढे मल्हारराव गादीवर आले १८७० ला. सोन्याच्या तोफा त्यांच्याच. १८७५ मध्ये इंग्रजांनी त्यांना पदच्युत केलं आणि नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याच्या एका बारा वर्षांच्या मुलाला महाराणी जमनाबाईंनी दत्तक घेतलं, तेच सयाजीराव. मधल्या काळात दिवाण सर टी. माधवराव यांनी पगारी अंमलदारांची घडी बसवली: प्रांताला सुभा, तालुक्याला वहिवटदार. अंमलदाराला ठरलेला पगार, वसुली सरकारजमा. जातीजातींवर, धंद्याधंद्यांवर असलेले निरनिराळे वेरे जाऊन पुढे प्राप्तिकर आला. आमच्या बिलातला ‘वेरा’ हा शब्द त्याच कुळातला.

लक्षात घेण्यासारखी गोष्ट ही की मल्हारराव आणि सयाजीराव यांच्या हातातला अधिकार सारखाच होता. एकाच्या हुकमानं तोफा ओतल्या गेल्या, दुसऱ्याच्या हुकमानं १८९३ मध्ये अमरेलीतल्या दहा गावांत सक्तीचं मोफत प्राथमिक शिक्षण सुरू झालं आणि १९०६ पासून संपूर्ण राज्यात. मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या बापाला दंड. विचारायचं कोणाला नव्हतंच, ना विधिमंडळाला, ना त्या बापाला.

त्याच वेळी ब्रिटिश हिंदुस्थानात गोखले हेच मागत होते. १९११ मध्ये त्यांनी प्राथमिक शिक्षणाचं विधेयक आणलं, बडोद्याचा दाखला दिला. पण त्यांना कौन्सिलला विचारावं लागत होतं आणि कौन्सिलात सरकारी अधिकाऱ्यांचा जोर होता. मार्च १९१२ मध्ये विधेयक पडलं, १३ विरुद्ध ३८. कल्पना तीच, पैशाचा प्रश्न तोच. बडोद्यात ‘नाही’ म्हणू शकणारा एकही नव्हता, कलकत्त्यात अडतीस निघाले.

मग राजाच बरा? आजोबांच्या पिढीचं मत तेच होतं. माझं नाही. राजा सयाजीराव निघेल की मल्हारराव, हे रयतेच्या हातात नसतं. मल्हाररावांना काढलं तेही रयतेनं नव्हे, रेसिडेंटच्या सरकारनं काढलं. त्यातून एवढंच कळतं की संस्थानाचा खरा हिशेब वर द्यायचा होता, खाली नाही.

आणि हुकमालाही मर्यादा असतात. कमाटी बागेत, म्हणजे सयाजी बागेत, संकल्पभूमी आहे, आंबेडकरांचं स्मारक. भीमराव आंबेडकर महाराजांच्या शिष्यवृत्तीवर कोलंबियाला शिकले आणि कराराप्रमाणे १९१७ मध्ये बडोद्याच्या नोकरीत आले. पद मोठं होतं, पदवी त्याहून मोठी. पण कचेरीतले शिपाई त्यांच्या टेबलावर फायली लांबून फेकत आणि शहरात राहायला जागा कोणी दिली नाही. पारशी धर्मशाळेतूनही त्यांना बाहेर काढलं. काही दिवसांतच ते बडोदा सोडून गेले. नेमणूक महाराजांना करता आली. शेजारच्या टेबलावरच्या माणसाचं मन महाराजांच्या सहीनं बदललं नाही. पुढे त्याच माणसानं घटनेच्या मसुदा समितीचं अध्यक्षपद भूषवलं आणि सरकारी नोकरीत समान संधी, राखीव जागा हे राजाच्या मर्जीवर न ठेवता कलम १६ मध्ये लिहिलं गेलं. सरकारी नोकरीचा इतिहास सांगताना बडोद्यानं हे पान वगळू नये. आपल्या ‘दक्षिणी’, म्हणजे बडोद्यातल्या मराठी, घरांतून ते बरेचदा वगळलं जातं.

आता ‘नाही’ म्हणणारे फार झाले की काय होतं तेही बघू. विश्वामित्री. २०२४ च्या ऑगस्टअखेरीस नदी धोक्याच्या २६ फुटांच्या खुणेवरून ३५ च्या वर गेली आणि निम्मं शहर पाण्यात बसलं. आमच्या भागात पाणी ओट्यापर्यंत आलं, बहिणीकडे समा भागात तर फ्रिज तरंगत होता. नंतर सगळे विचारत होते, नदी साफ का केली नाही?

मोजा. शहरातला पट्टा महापालिकेचा. शहराबाहेरचा विकास प्राधिकरणाचा आणि पंचायतींचा. धरणं, कालवे, पूरनियंत्रण राज्याच्या जलसंपदा खात्याचं. आजवा सरोवर, ज्याचं पाणी १८९२ पासून शहर पितं, ते महापालिकेकडे, पण त्याच्या वरच्या बाजूचा पाऊस कोणाच्याच खात्यात नाही. नदीत मगरी, वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीतल्या, त्यामुळे गाळ काढायचा तर वनखात्याची परवानगी. वर हरित लवादाचे आदेश. यातला प्रत्येक जण एकेकटा बघितला तर शहाणा आहे. मगरींचं रक्षण व्हायलाच हवं. पण इतक्या परवानग्यांच्या साखळीत काम न करण्याची किंमत कोणालाच द्यावी लागत नाही, कारण बोट दाखवायला पुढचा कायम हजर असतो. पूर आला तेव्हा सगळ्यांवर एकदम दबाव आला आणि २०२५ च्या पावसाळ्याआधी नदीत पोकलेन उतरले. जे वर्षानुवर्षं होत नव्हतं ते काही महिन्यांत सुरू झालं. कायदे तेच होते.

याउलट आमच्या पोळीच्या, म्हणजे गल्लीच्या, तोंडाशी एक सिमेंटचं बाकडं आहे. पाठीवर लाल अक्षरांत नगरसेवकाचं नाव, खाली ‘यांच्या ग्रँटमधून’. त्यासाठी विचारायला कोणी नव्हतं, दिसायला सगळ्यांना दिसतं, आणि पाच वर्षांत नाव पुसत नाही. त्याच बाकड्याखालून जाणारी ड्रेनेजची लाइन कधीची आहे कोणाला ठाऊक. जमिनीखालच्या पाइपावर नाव लिहिता येत नाही.

परत भाच्याच्या स्लिपकडे. २६,००० हा आकडा आला कुठून?

गुजरातेत २००६ पासून वर्ग तीन आणि चारच्या भरतीत पहिली पाच वर्षं ठरावीक पगार, महागाई भत्ता नाही, वेतनश्रेणी नाही. शाळांमध्ये विद्यासहायकांची तशीच पद्धत त्याआधीपासून होती. सरकारच्या बाजूनं गणित समजण्यासारखं आहे. पूर्ण पगारावर एक माणूस घेणं म्हणजे तीस-पस्तीस वर्षांचं वचन. फिक्समध्ये तेवढ्याच पैशात आज जास्त नेमणुकीची पत्रं वाटता येतात, आणि पत्रं वाटण्याचा समारंभ याच सरकारच्या काळात होतो, पूर्ण पगाराचा बोजा पुढच्यावर. जुन्या पेन्शनचंही तसंच होतं. तिथे वचन देणारं सरकार आज टाळ्या घेतं आणि पैसे मोजायची वेळ तीस वर्षांनी. १ एप्रिल २००५ पासून लागलेल्यांसाठी गुजरातनं ती बंद केली, पण टाळ्या आजच मिळतात म्हणूनच ती परत द्या ही मागणी निवडणूक आली की जोर धरते.

फिक्सविरुद्ध लोक न्यायालयात गेले. २०१२ मध्ये उच्च न्यायालयानं कर्मचाऱ्यांच्या बाजूनं निकाल दिला. राज्य सरकार सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि पद्धत चालू राहिली. मधल्या काळात रक्कम वाढत गेली. विधानसभेच्या निवडणुकीच्या वर्षात, २०१७ ला, भाच्याच्या वर्गासाठी ती १९,९५० झाली. पुढची मोठी वाढ ऑक्टोबर २०२३ ला, ३० टक्के, दिवाळीच्या तोंडावर आणि लोकसभेच्या आधी सहा-सात महिने. तारखा मी लावलेल्या नाहीत.

फिक्सच्याही खाली एक थर आहे, एजन्सीचा. अकरा महिन्यांचा करार, पगार एजन्सीच्या खात्यातून, हुद्दा ‘ऑपरेटर’. सरकार एकगठ्ठा रक्कम देतं, मधला माणूस आपलं काढून उरलेलं पुढे देतो, आणि पुढच्या वर्षी कंत्राट राहील याची त्यालाही खात्री नाही. इजारा वसुलीत होता, आता खर्चात आला.

भरती कोण करतं यानंही फरक पडतो. गुजरात लोकसेवा आयोग घटनेनं उभा केलेला आहे, त्याच्या सदस्याला गैरवर्तनासाठी काढायचं तर प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत न्यावं लागतं. वर्ग तीनची भरती करणाऱ्या निवड मंडळांना असं घटनेचं कवच नाही, ती राज्य सरकारनं नेमलेली असतात. आणि सगळ्यात जास्त उमेदवार नेमके तिथेच. २९ जानेवारी २०२३, रविवार. पंचायतींसाठी ज्युनिअर क्लार्कच्या १,१८१ जागा, साडेनऊ लाखांच्या आसपास उमेदवार, आणि पेपर सुरू व्हायच्या काही तास आधी परीक्षा रद्द, कारण पेपर फुटला होता. काही आरोपी आमच्या बडोद्यातच पकडले गेले. महिन्याभरात विधानसभेनं पेपरफुटीविरुद्ध कायदा केला, दहा वर्षांपर्यंत कैद. इतका झपाटा एरवी दिसत नाही. साडेनऊ लाख उमेदवार म्हणजे साडेनऊ लाख घरं, हे सभागृहात कोणाला मोजून दाखवावं लागलं नसावं.

भाचा हे सगळं ऐकताना मोबाइलवर काहीतरी करत होता. मला वाटलं कंटाळला. तर त्यानं कॅलेंडर उघडलं होतं.

“मामा, माझी पाच वर्षं २०३० ला संपतात. पण विधानसभा २०२७ च्या शेवटी आहे.”

“मग?”

“मग फिक्सची वाढ २०२७ च्या दिवाळीआधी येईल ना?”

मी म्हटलं, “हिशेब खात्यात पाहिजे होतास तू.” आणि वेरा बिल त्याच्या हातात दिलं. आगाऊ भरलं तर सूट मिळते, ऑनलाइन भरायचं मला जमत नाही.